आगमनकाळातील कुटुंबप्रार्थनेबाबत सूचना

धर्मग्रामातील सर्व कुटुंबांस सप्रेम नमस्कार.

रविवार, 29 नोव्हेंबर 2026 रोजी आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू होत आहे. घराघरांत एव्हाना साफसफाई, खरेदी आणि फराळाची तयारी सुरू झाली असेल. या धांदलीत संध्याकाळची कुटुंबप्रार्थना मागे पडते, असा दरवर्षीचा अनुभव असल्यामुळे पुढील गोष्टी प्रत्येक घराने मनावर घ्याव्यात, ही कळकळीची विनंती.

• त्या रविवारी सकाळच्या मिस्सात (चर्चमधील उपासनेत) आगमनचक्रांना, म्हणजे आगमनकाळात दर रविवारी एकेक पेटवायच्या चार मेणबत्त्यांच्या चक्रांना, आशीर्वाद दिला जाईल. चक्रात तीन जांभळ्या व एक गुलाबी मेणबत्ती असावी. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी, म्हणजे 13 डिसेंबरला लावायची असते. मुलांच्या हौसेखातर ती आधी पेटवू नये.

• 1 डिसेंबरपासून रोज रात्री जेवणापूर्वी लूकच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचावा. एकूण अध्याय 24 असल्याने नाताळच्या आदल्या रात्री वाचन पूर्ण होते. पहिला अध्याय 80 वचनांचा आहे, तो सर्वांनी वाटून घ्यावा. वाचताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत आणि एखादे मूल अडखळले, तरी त्याच्या हातचे पुस्तक काढून घेऊ नये. त्याला वेळ द्यावा.

• नाताळच्या देखाव्यातील गोठ्यात बाळ येशूची मूर्ती 24 तारखेच्या रात्रीच ठेवावी.

• करंज्या भरायला घरातील पुरुषांनीही बसावे.

ज्या घरात यंदा दुःखद घटना घडली आहे, तेथे शेजारच्या कुटुंबांनी आळीपाळीने प्रार्थनेला जावे. त्यासाठीची नावे शनिवार, 28 नोव्हेंबरपर्यंत आपापल्या विभागप्रमुखांकडे द्यावीत.

— धर्मग्राम समितीच्या वतीने