मॅडम, त्या बैठकीत तुम्ही खुर्ची मागे घेतलीत

आदरणीय मॅडम,

तुमच्या निरोप समारंभात भाषणं पुष्कळ झाली. मलाही बोलायचं होतं, पण गळा दाटून आला आणि नुसती पाया पडून आले. राहिलेलं आज सगळ्यांसमोर लिहिते.

एम.डी. झालो की आम्हाला थेट वर्गावर पाठवतात. रोग ओळखायला शिकवलेलं असतं. शिकवायचं कसं, हे कुणी सांगितलेलं नसतं. आधीच्या कॉलेजात शिक्षक प्रशिक्षण म्हणजे रजिस्टरमध्ये सही, जेवण, ग्रुप फोटो आणि बढतीच्या फाईलला लावायचं सर्टिफिकेट. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, संवाद आणि नीतिमूल्यांचं ‘एटकॉम’ आलं. तिथे मात्र जुन्याच स्लाइड्सवर नवं शीर्षक चढलं. काही सुचवलं की उत्तर ठरलेलं, ‘आधी सिनियर व्हा, मग बोला.’ अजून आठवलं की राग येतो.

तुमच्याकडे मायक्रोटीचिंग खऱ्या अर्थानं पाहिलं. पाच-सात मिनिटांचा धडा, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय, आणि सुधारून पुन्हा तोच धडा. ‘छान झालं’ म्हणून तुम्ही कुणाला सोडलं नाहीत. मला म्हणालात, “प्रश्न विचारला की मनात तीन अंक मोजा. मुलं बोलतात.” मोजले. कधी तोंड न उघडणारा विजापूरकडचा मुलगा त्या आठवड्यात बोलला.

पण खरे आभार त्या बैठकीसाठी. आपल्या वॉर्डात खानापूर, येळ्ळूर, चंदगडकडून येणाऱ्या आज्ज्या मराठीच बोलतात. बेंगळुरू, गुलबर्ग्याहून आलेली मुलं हुशार, पण हिस्ट्री घेताना, म्हणजे आजाराची माहिती विचारताना, आज्जीऐवजी तिच्या नातवाकडे बघतात. आज्जी पदर सावरत गप्प बसते. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्सात स्थानिक भाषेचे तास असतात, पण परीक्षेत विचारणार नसतील तर मनावर कोण घेतं? म्हणून मी म्हटलं, ऑस्कीत, म्हणजे एकेका स्टेशनवर एकेक ठरलेलं काम करून दाखवायच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, एक स्टेशन असं ठेवू, जिथे पेशंट फक्त मराठी किंवा कन्नड बोलेल आणि गुण असतील नीट ऐकून घेण्याला. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ हार्डननी १९७५ साली ऑस्कीची पद्धत मांडली, तीच मुळी गुण परीक्षकाच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून. मग ऐकून घेणंही तसंच मोजता येईल.

मी प्रस्ताव मांडला आणि सगळ्या विभागप्रमुखांच्या नजरा तुमच्याकडे वळल्या. एकांनी तुम्हालाच विचारलं, “मॅडम, हे जमेल का?” तुम्ही पेनाला टोपण लावलंत, खुर्ची हातभर मागे घेतलीत आणि म्हणालात, “काम त्यांचं आहे. त्यांनाच विचारा.” पुढे एक शब्द नाही. मी अडखळले तेव्हाही मध्ये पडला नाहीत. दुसरं कुणी असतं तर दोन वाक्यांत मंजुरी मिळवली असती आणि इतिवृत्तात माझं नाव तळाला कुठेतरी आलं असतं. त्या दिवशी प्रश्न मला आले, उत्तरं मी दिली. जिना उतरताना एक सर म्हणाले, “डॉक्टर, आमच्या विभागालाही असं स्टेशन बसवून द्या.”

तुमची मातृभाषा कन्नड. सीमाभागात भाषेवरून काय काय होतं, ते आपण दोघींनी पाहिलंय. तरी मराठी आज्जीसाठीच्या या कामात तुम्ही मला पुढे केलंत आणि त्याचा पुढे कधी उल्लेखही केला नाहीत. पदावरचं माणूस स्वतः सरकून दुसऱ्याला जागा करून देतं, हे नोकरीत फार क्वचित दिसलं मला. अशी सरळ माणसं आहेत म्हणून बेळगाव सोडावंसं वाटत नाही.

स्टेशन चालू आहे. पुढच्या ऑस्कीचं नव्या दोन असिस्टंट प्रोफेसरनी लिहिलंय, सौंदत्तीकडच्या कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याचं. विभागात तेच मांडणार आहेत. त्याआधी तुमच्या नजरेखालून जावं, अशी त्यांची इच्छा आहे. रविवारी दोघांना घेऊन घरी येऊ का?

तुमची,
मेडिसिन विभागातली एक शिक्षिका, बेळगाव