‘एका ओहमपेक्षा कमी’ सांगून विकलेला हेडफोन ॲम्प्लिफायर परत घेण्याबाबत

ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
दि. २४ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून ९ जूनला मी एक हेडफोन ॲम्प्लिफायर मागवला. किंमत ११,४९९ रुपये, पैसे आगाऊ भरले, पार्सल १४ जूनला मिळालं. ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहे. वस्तू तुमच्या जाहिरातीप्रमाणे नाही, म्हणून ती परत घ्या आणि पैसे द्या, एवढंच मागणं आहे. ते फोनवर तीनदा करून झालं, ३० जूनला ईमेलने केलं. ईमेलला आपोआप येणारं ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ आलं, पुढे काही नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो. पत्र लांबेल, पण फोनवर तुमच्या माणसांनी मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाही, ती भरपाई इथे करून घेतो.

मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये लॅब असिस्टंट होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की दशावताराची नाटकं रेकॉर्ड करत हिंडायचं आणि पावसाळ्यात घरी बसून ती ऐकायची, साफ करायची, हा माझा उद्योग. राक्षस येतो तेव्हा पखवाज आणि झांज एकदम उसळतात. तिथे आवाज फाटू नये म्हणून रेकॉर्डिंगची लेव्हल मी मुद्दाम खाली ठेवतो, वर पंधरा-वीस डेसिबल जागा सोडून. त्यामुळे बाकीचं सगळं, पेटीवाल्याचं गाणं, पात्रांची बोलणी, बारीक येतं. ते ऐकायला हेडफोनच्या मागे जोर असावा लागतो. मोठ्या आवाजाची हौस म्हणून मी ॲम्प्लिफायर घेतलेला नाही.

हेडफोन आहे हायफायमॅनचा सुंदरा, भाच्याने मुंबईहून आणून दिलेला. (नावावरून घरात जे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळं.) प्लॅनर जातीचा (आत कोनऐवजी सपाट पातळ पडदा), इम्पिडन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा ३७ ओहम, सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक पॉवरला किती मोठा वाजतो ते ९४ डेसिबल. माझ्या पेन्शनीत हेडफोनच्या तोडीचा ॲम्प्लिफायर बसणारा नव्हता. म्हणून दोन महिने वाचून, विचारून, कमी पैशात याच्याशी जुळेल असा शोधत होतो. तुमच्या पानावर ‘मॅचिंग चार्ट’ आहे. त्यात १६ ते ६०० ओहमपर्यंत सगळ्याला हिरवी खूण, आणि सुंदराचं नाव स्वतंत्र लिहून त्यापुढेही हिरवी खूण. खाली ‘३२ ओहमला १००० मिलिवॅट’.

चार्टवर मी विसंबलो नाही. पैसे भरण्याआधी तुमच्या चॅटवर एकच प्रश्न विचारला, की याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे वीज बाहेर पडते त्या तोंडाशी याचा स्वतःचा अडथळा, किती? उत्तर आलं, ‘डोन्ट वरी सर, एका ओहमपेक्षा कमी.’ त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. या पत्रातलं बाकी सगळं बाजूला ठेवलंत तरी चालेल, तो एक कागद तेवढा नीट बघा.

पार्सल आलं त्या रात्री जत्रेतलं रेकॉर्डिंग लावलं. व्हॉल्यूमचा खटका पार शेवटाला नेला तरी पेटी शेजारच्या घरात वाजत असल्यासारखी. आणि राक्षस आला तेव्हा पखवाजाची थाप पडलीच नाही. ‘धा’च्या जागी ‘फस्’ असं काहीतरी झालं, ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखं. भाचा शेजारी होता. त्याने हेडफोन काढून आपल्या मोबाईलच्या डोंगलला लावला, तोच, चार्जिंगच्या भोकात खोचतात तो अंगठ्याएवढा. म्हणाला, “मामा, ह्येच्यापरास माझो मोबाईल बरो वाजता.” आणि खरंच बरो वाजत होतो.

१६ जूनला मी फोन केला. तुमचे सपोर्टवाले गृहस्थ म्हणाले, प्लॅनर हेडफोनला ‘बर्न-इन’ लागतो, म्हणजे तो वाजवून वाजवून मोकळा करावा लागतो, पिंक नॉइज (पावसासारखा सलग खरखराट) लावून दोनशे तास वाजत ठेवा, मग खुलेल. आता हिशेब बघा. दोनशे तास म्हणजे न थांबता आठ दिवस आणि आठ तास. तुमची परत घेण्याची मुदत पार्सल मिळाल्यापासून दहा दिवसांची, त्यातले दोन गेलेले. आमच्याकडे मृगात लाइट सलग आठ दिवस राहणं हाच एक चमत्कार. तरी मी केलं. बाहेर खरा समुद्र खवळलेला, आत माजघरात तुमचा पिंक नॉइज, बायकोने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. लाइट जात-येत दोनशे तास २६ तारखेला भरले. पखवाज होता तिथेच होता. २७ तारखेला फोन केला, तर पहिलं वाक्य, ‘सर, तुमची रिटर्न विंडो क्लोज झाली आहे.’

हा योगायोग मानायला मी तयार होतो. पण त्याच फोनवर पुढचं निदान आलं. तुम्ही कोकणात राहता ना सर, समुद्राची खारट दमट हवा, तुमचा जॅक गंजला असणार, कंपनी त्याला जबाबदार नाही.

खारी हवा काय करते ते मला शिकवू नका. तिने माझ्या तीन स्कूटरचे सायलेन्सर खाल्ले आहेत. खिडकीच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलतो, पेटीचे सूर दर पावसाळ्यात उतरतात, पंख्याचे रेग्युलेटर तर मी मोजणंही सोडून दिलं. म्हणूनच हेडफोन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट असतो, वापर झाला की लगेच आत. जॅकवर सोन्याचा मुलामा आहे आणि तो लखलखीत आहे. जॅक खोचून सांध्याचा रेझिस्टन्स मोजला, ओहमच्या पाव भागाच्याही आत आला. आणि हाच गंजका जॅक भाच्याच्या डोंगलमध्ये कसा काय चालतो?

तेव्हा मात्र मी तुमच्या ॲम्प्लिफायरचा डबा उचलला आणि जुन्या लॅबमध्ये गेलो. विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आहे, चांगला मीटर आहे, आणि मुलं अजून मला आत घेतात. तुमच्या वस्तूचं कव्हर उघडलेलं नाही, सील शाबूत आहे, हे आधीच लिहून ठेवतो.

४०० हर्ट्झचा सूर दिला. हेडफोन न लावता आवाज वाढवत नेला. स्कोपवरची लाट गोल होती, ती २.२ व्होल्टच्या आसपास डोक्यावर सपाट व्हायला लागली, विळ्याने शेंडा छाटावा तशी. त्याच्या जरा खाली आणून मीटर पाहिला, १.५० व्होल्ट (मीटर शेंड्याचा आकडा दाखवत नाही, त्याच्या ०.७ पट दाखवतो). खटक्याला हात न लावता आउटपुटवर ३३ ओहमचा रेझिस्टर लावला, नारिंगी-नारिंगी-काळा, अकरावीच्या पोराला ओळखता येईल असा. मीटर १.५० वरून थेट ०.३२ वर आला. तिथे उभी असलेली दोन मुलं हसली. मी नाही हसलो, पैसे माझे होते.

गणित अकरावीचंच आहे. १.५० भागिले ०.३२, त्यातून एक वजा, गुणिले ३३. उत्तर जवळपास १२२ ओहम. हा तुमच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स. सांगितला होतात एकापेक्षा कमी. पॉवर काढा. ०.३२ चा वर्ग भागिले ३३, म्हणजे ३.१ मिलिवॅट. छापले आहेत १०००. ३२ ओहमवर एक वॅट द्यायचा तर ५.६६ व्होल्ट लागतात, म्हणजे लाटेच्या तळापासून शेंड्यापर्यंत १६ व्होल्ट. तुमचा डबा चालतो मोबाईलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर. आत व्होल्टेज वाढवणारी सर्किट असती तर ते जमलं असतं. स्कोपवर शेंडा छाटला जातो त्यावरून ती नाही, एवढं बाहेरूनच कळतं.

भाच्याचा डोंगलही तसाच मोजला. मोकळा १.०० व्होल्ट, ३३ ओहम लावल्यावर ०.९७. आउटपुट इम्पिडन्स एक ओहम आणि पॉवर साडेअठ्ठावीस मिलिवॅट, तुमच्या नऊपट. तुम्ही मला चॅटवर ज्याचे आकडे सांगितलेत ती वस्तू भाच्याच्या खिशात होती.

दुसऱ्या एका फोनवर तुमच्याकडच्या बाईंनी मला समजावलं, की आमचा ॲम्प ६०० ओहमचा हेडफोन चालवतो, तुमचा तर फक्त ३७ चा, म्हणजे सोपा. ओहम म्हणजे हेडफोनचं वजन आहे आणि जास्त ओहम म्हणजे जड, असा हा समज. तो गिऱ्हाइकाचा असता तर चाललं असतं, विकणाऱ्याचा असून चालत नाही. कमी ओहमचा हेडफोन व्होल्ट कमी मागतो आणि करंट जास्त. त्यात सेन्सिटिव्हिटी ९४, म्हणजे एका मिलिवॅटला ९४ डेसिबल. पखवाजाची थाप ११० पर्यंत न फाटता जायची तर ४० मिलिवॅट लागतात. ही काही राजेशाही मागणी नव्हे. पण तुमच्या डब्याच्या तोंडाशीच १२२ ओहम बसलेत. विहिरीवर दीड हॉर्सपॉवरचा पंप बसवला आणि तोंडाला पेन्सिलीएवढी नळी लावली, तर शेवटच्या माडाला पाणी काय पोचणार?

खरं तेही सांगतो. मित्राकडून सेनहायझरचा एचडी ६०० आणून लावून पाहिला. हा १९९७ पासूनचा नावाजलेला हेडफोन, ३०० ओहमचा. तो तुमच्या डब्यावर थोडा बारीक पण नीट वाजला. ३०० पुढे १२२ असले तर व्होल्टेज तीन डेसिबलच्या आसपास घटतं, माझ्या ३७ पुढे तेच साडेबारा घटतं. त्याची खालची पट्टी किंचित फुगली, एखाद डेसिबल, कारण त्याचा इम्पिडन्स तिथे वर चढतो. काहींना ते गोडही लागेल. १२० ओहमचा आउटपुट म्हणजे पापही नव्हे. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६१९३८ मध्ये, हेडफोनच्या आउटपुटला १२० ओहमच सुचवले होते. तुम्ही पानावर ‘१२० ओहम’ असं खरं छापलं असतंत, तर ३०० ओहमवाल्याने ही वस्तू घेतली असती, मी घेतली नसती आणि आपण दोघेही सुखात असतो.

शेवटच्या फोनवर तुम्ही मला १८,९९९ चं ‘प्रो’ मॉडेल वीस टक्के सवलतीत देऊ केलंत, वर एक बॅलन्स्ड केबल. त्याचा आउटपुट इम्पिडन्स मी विचारला. पलीकडून उत्तर आलं, ‘डोन्ट वरी सर.’

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे, वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तुमची दहा दिवसांची खिडकी या नियमापुढे बंद होत नाही. त्याच नियमांत तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात निवारण करायला सांगितलं आहे. माझा ईमेल ३० जूनचा, म्हणजे सहा दिवस उरलेत. त्यानंतर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने गिऱ्हाईक राहतं तिथेच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फीही नाही. मला एसटीचं भाडं पडेल, तुम्हाला वकील पाठवावा लागेल.

११,४९९ रुपये पूर्ण परत हवेत, कूपन किंवा पॉइंट चालणार नाहीत. परत पाठवणीचा खर्च तुमचा. आणि त्या चार्टमधली सुंदरापुढची हिरवी खूण आणि ‘१००० मिलिवॅट’ काढा. माझ्यासारखाच कोणीतरी आज रात्री पैसे मोजत तो चार्ट बघत बसला असेल.

बिल, चॅटचा स्क्रीनशॉट, स्कोपच्या पडद्याचे दोन फोटो आणि मोजणीचा कागद सोबत आहे. मोजणी चुकली असं वाटत असेल तर तुमच्या इंजिनिअरला फोन करायला सांगा, सपोर्टवाल्यांना नको.

वस्तू मूळ खोक्यात, वर प्लास्टिक गुंडाळून तयार ठेवली आहे. न्यायला येणाऱ्याने निघण्याआधी फोन करावा. पाऊस धरला की साकवावरून पाणी जातं आणि मग गाडी इकडे येत नाही.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व फोन बिलाप्रमाणे)