कडाकण्यांना ‘गोड पापड’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात नवरात्राच्या तयारीवर पानभर मजकूर आला. त्यात ‘घटावर गोड पापड बांधतात’ असं एक वाक्य आहे. माझी धाकटी सून नागपूरची, लग्नानंतरचं तिचं हे पहिलंच नवरात्र. पेपर हातात घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “आई, ते गोड पापड आपण कुठनं आणतो?” पोरीची काहीच चूक नाही. छापून आलं म्हणजे खरं, असं मानणारी माणसं अजून आहेत, म्हणून हे पत्र लिहितेय.

त्या कडाकण्या आहेत. रवा-मैदा गुळाच्या पाण्यात घट्ट मळायचा, पातळ लाटायचा आणि मंद आचेवर कडक तळायचा. गोल पुऱ्या असतातच, शिवाय वेणी, फणी असा देवीचा साजही त्याच पिठाचा करतात. भोक तळण्याआधी पाडून ठेवावं लागतं, कारण तळल्यावर पाडायला गेलं की कडाकणी मोडते. मग दोऱ्यात ओवून घटावर बांधतात, त्याला फुलोरा म्हणतात. आमच्याकडे हे अष्टमीला होतं, शेजारी आणखी वेगळ्या दिवशी. पापड उन्हात वाळवून वर्षभराच्या डब्यात जातो. कडाकणी देवीसाठी तळली जाते आणि तिथून प्रसाद म्हणून घरोघर वाटली जाते. एकमेकींच्या कडाकण्या खाऊन कुणाच्या हातचं तळण खुसखुशीत, हे आमच्या गल्लीत दरवर्षी ठरतं. पापड म्हटल्यावर यातलं काय शिल्लक राहिलं?

त्याच पानावर ललितापंचमीला ‘भोपळा फोडण्याचा विधी’ होतो असं छापलंय. हे मला जास्त लागलं. त्या दिवशी कोल्हापुरात अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्या, टेकडीवर जाते. कोल्हासुराला मारल्यावर विजयाच्या सोहळ्याला त्र्यंबोलीला बोलवायचं राहून गेलं, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, म्हणून थोरली बहीण धाकटीची समजूत काढायला वाजतगाजत निघते, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतोय. तिथं कुमारिकेच्या हातून फुटतो तो कोहळा. कोल्हासुराच्या जागी कोहळा, आणि ज्या असुरावरून या गावाला नाव पडलं असं इथं म्हातारी माणसं सांगतात, तोच हा. त्याचा तुकडा हाती लागावा म्हणून टेकडीवर केवढी झुंबड उडते! भोपळा आपण बाजारातून भाजीला आणतो. शब्द बदलला की कथेतला राक्षस गेला आणि हातात भाजी राहिली.

उत्तरेकडचा एक शब्दही आता बातम्यांत रुळू लागलाय. देवळात जेवण असलं की ‘भंडाऱ्याचे आयोजन’. गोसावी-बैराग्यांच्या जेवणावळीला भंडारा म्हणतात हे मला माहीत आहे, तो शब्द खोटा नाही. पण आपल्या जिल्ह्यात भंडारा म्हटलं की डोळ्यांपुढं हळद येते. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळतात, सगळा माळ पिवळा होतो, माणूस घरी आला तरी कपाळावरची हळद पुसत नाही. जेवणाला आपल्याकडे महाप्रसाद म्हणतात. दोन गोष्टींना दोन शब्द असताना एकच वापरून गोंधळ कशाला?

आणि खेटे. इतरत्र ‘खेटे घालणं’ म्हणजे कचेरीत हेलपाटे मारणं. आपल्याकडे माघात रविवारी पहाटे माणसं अनवाणी जोतिबाच्या डोंगराची वाट धरतात, ते खेटे. माझ्या सासूबाई वयाची साठ उलटल्यावरही पायीच गेल्या, परत येताना पदराला गुलाल आणि पिशवीत दवणा. मागं एकदा या वाटेचं वर्णन ‘भाविकांचा ट्रेक’ असं वाचलं, तेव्हा त्यांची फार आठवण झाली.

जेवणातले शब्द तर आणखी लवकर चाललेत. पुरण शिजवून उरलेलं पाणी म्हणजे येळवणी, त्याची आमटी ती येळवणीची आमटी. दुसरीकडे तिला कटाची आमटी म्हणतात. आमच्याकडे ‘कट’ म्हटल्यावर बहुतेकांना आधी मिसळच आठवते. मटणाचं तिखट पडण्याआधीचं पाणी ते अळणी, आणि ते आधी घरातल्या लहान मुलाच्या वाटीत जातं. ‘क्लिअर सूप’ म्हणून दिलं तर ती पहिली वाटी कुणाची, हे सांगायचं राहून जातं.

मी परक्या शब्दांच्या विरोधात नाही. कुकर, मिक्सर, गॅस हे शब्द माझ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं आहेत आणि माझ्या आईलाही ते परके वाटले नाहीत. नवी वस्तू आपलं नाव घेऊन येते, येऊ दे. पण जिला नाव आहे, तिचं नाव काढून दुसरं का द्यायचं?

बाहेरच्या वाचकाला कळावं म्हणून असं लिहितात, असं मला एकानं सांगितलं. मग ‘कडाकण्या’ लिहा आणि पुढं एका ओळीत त्या कशा करतात ते सांगा. सून नागपूरची आहे, पण तिला कडाकणी एकदा लाटायला दिल्यावर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

माझी विनंती एवढीच आहे. घटस्थापनेआधी त्या पानातल्या दोन्ही चुका दुरुस्त करून छापाव्यात. आणि सणावारांच्या बातम्या लिहिणाऱ्या आपल्या तरुण मुलामुलींना एकदा पेठांतल्या बायकांकडे पाठवावं, शक्यतो दुपारी दोननंतर, म्हणजे आम्हाला बोलायला सवड असते. आमच्या गल्लीत यंदाच्या कडाकण्या सप्तमीला दुपारी तळायच्या ठरल्यात. त्यांनी तेव्हाच यावं.

आपली नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर