बाबांचं घोरणं आणि मनगटावरचा पट्टा

नेरूळ,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांच्या घोरण्याचा विषय तीनदा काढला आणि तिन्ही वेळा अर्धवट राहिला. बाबा "बघू" म्हणतात, आई "तू जेवलीस का" विचारते आणि मग माझाही आवाज चढतो. म्हणून कागदावर लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दोघं एकत्र बसून वाचा.

गणपतीत तुमच्याकडे राहिले होते, तेव्हा हॉलमध्ये झोपले होते. बाबांचं घोरणं मला लहानपणापासून सवयीचं आहे, पण त्या रात्री ते मध्येच थांबलं. मी वाट बघत राहिले. मनात आकडे मोजायला लागले, अठरापर्यंत गेले, आणि मग गुदमरलेला माणूस घेतो तसा एकदम मोठा श्वास ऐकू आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. उठून दारातून डोकावले तर आई जागी होती. तिचा हात बाबांच्या छातीवर होता. आई, हे तू किती वर्षं करते आहेस?

दुसऱ्या दिवशीपासून मी मनगटावरच्या घड्याळांच्या मागे लागले. वाटलं, तुम्हा दोघांना चांगली महागाची घड्याळं घेऊन द्यावीत, झोप, नाडी, ऑक्सिजन, सगळं माझ्या फोनवर दिसेल आणि मी निर्धास्त होईन. दादाही निम्मे पैसे द्यायला तयार होता. पण घेण्याआधी एक बँड स्वतः तीन आठवडे वापरून पाहिला, आणि माझं मत बरंच बदललं.

आधी हे यंत्र काय करतं ते सांगते, कारण बाबांना आतलं कळल्याशिवाय कुठलीच वस्तू पटत नाही. पट्ट्याच्या पाठीमागे हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्ताची लाट येते, तेवढ्या क्षणी परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या कमी-जास्तीवरून नाडी मोजली जाते. म्हणून पट्टा सैल असला की आकडा चुकतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नीट टेकलेला हवा. त्यात हालचाल ओळखणारा एक सेन्सरही असतो. पावलं त्यावरून मोजतात, आणि झोपही मुख्यतः नाडी आणि हालचाल यांवरूनच ठरवतात. झोपेच्या तपासणीत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात, तसं इथे काहीच नसतं. गाढ झोप इतकी मिनिटं, स्वप्नांची झोप इतकी मिनिटं, असे रंगीत पट्टे ॲपवर दिसतात खरे, पण तो अंदाज असतो.

तो अंदाज कुठे चुकतो ते मला एका रात्री कळलं. बाबांच्या श्वासाचा विचार करत दोन ते चार मी टक्क जागी होते, फक्त कूस बदलली नव्हती. सकाळी बँड म्हणाला, झोप सात तास दहा मिनिटं. निपचित पडलेला जागा माणूस त्याला झोपलेलाच वाटतो. आई, तूही अशीच पडून असतेस. तुझ्या मनगटावर हे बांधलं असतं तर तुझी झोप उत्तम आहे असंच त्याने मला कळवलं असतं, आणि मी विश्वास ठेवला असता.

म्हणून तुला बँड घेत नाहीये. दुसरंही कारण आहे. तुझ्या दोन्ही हातांत बांगड्या, त्या काढून पट्टा घाल असं मी तुला सांगणार नाही. अंगठीसारखं यंत्रही मिळतं, पण तुझ्या बोटांचे सांधे सकाळी सुजतात आणि दिवसातून दोनदा तुझे हात कणकेत असतात. आणि पावलांचं म्हणशील तर जांभळी नाक्यावरून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन येतेस तेव्हा हात हलतच नाहीत, त्यामुळे यंत्राला बरीचशी पावलं कळणारच नाहीत. दिवसातलं तुझं सगळ्यात कष्टाचं चालणं हिशेबातच यायचं नाही.

शिवाय तुझा स्वभाव मला माहीत आहे. एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिमीटर आणला तेव्हा तू दर अर्ध्या तासाने बोट घालून बघत होतीस, आणि 95 चे 94 झाले की रडायला यायचीस. रोज सकाळी झोपेला शंभरापैकी गुण मिळायला लागले तर तू त्याच काळजीने जागशील. अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांनी 2017 मध्ये याला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं. त्यांच्याकडे आलेले लोक घड्याळातले आकडे सुधारावेत म्हणून जास्त वेळ अंथरुणात पडून राहत होते आणि त्यामुळे त्यांची झोप आणखी बिघडत होती. तुला ते नको.

तुझ्यासाठी दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र घेतलंय. मनगटी घड्याळातल्या बीपीवर विसंबू नका, दोघांनीही. काही नामांकित घड्याळांत ती सोय आहे, पण त्यांनाही ठरावीक काळाने दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. मग दंडाचंच यंत्र का नको? पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. दोन वेळा मोजून वहीत लिहायचं. चहा घेतल्या घेतल्या मोजायचं नाही.

आणि साखरेचं. तू मला जाहिरात पाठवली होतीस, सुई न टोचता साखर दाखवणाऱ्या घड्याळाची. आई, ते घेऊ नकोस. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट बजावलं की त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर मिळतो तो वेगळा, त्याची बारीक तार कातडीखाली जाते. चुकीच्या आकड्यावरून तू गोळी कमी-जास्त केलीस तर काय होईल, या विचाराने मला धडकी भरते. मी स्वतः एका दुकानात स्वस्तातलं घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधून पाहिलं. त्याने टॉवेलचीही नाडी 72 दाखवली. दुकानदार म्हणाला, बीपीही दाखवतं, साखरही दाखवतं. मी तिथून निघाले.

आता बाबा, तुमच्यासाठी.

तुमच्यासाठी बँड घेतलाय, साधा, मोठ्या अक्षरांचा, एकदा चार्ज केला की आठवड्याहून जास्त चालणारा. ॲपलचं घड्याळ मुद्दाम टाळलं. त्याला आयफोन लागतो, तुमचा फोन अँड्रॉइड आहे. आणि त्या साध्या घड्याळाची बॅटरी कंपनीच्याच म्हणण्यानुसार जेमतेम एक दिवस, म्हणजे रोज चार्जिंग. तुम्ही फोनसारखं तेही रात्री चार्जिंगला लावाल, आणि ज्या वेळी ते मनगटावर हवं त्याच वेळी नसेल. हा बँड रविवारी दाढी-आंघोळीच्या वेळी लावून ठेवा, बास. आंघोळीनंतर मनगट कोरडं करून मगच घाला, आपल्याकडच्या घामात पट्ट्याखाली पुरळ उठतं. दिवसातून थोडा वेळ काढूनही ठेवत जा.

त्यातलं फक्त दोन गोष्टींकडे बघा: सकाळची शांत बसलेली नाडी आणि पावलं. तेही एका दिवसाचं नाही, आठवड्याचं. तुम्ही मेटोप्रोलॉल घेता, त्याने नाडी मुळातच कमी राहते. म्हणून व्यायामात नाडी जास्तीत जास्त किती जावी याचे ॲप 220 वजा वय करून जे आकडे दाखवतं ते तुमच्यासाठी नाहीत. कमी नाडीचा इशारा कितीला ठेवायचा ते डॉक्टरांना विचारूनच लावू. झोपेचे गुण, ताण आणि बाकीच्या सूचना मी बंद करून पाठवते आहे.

दहा हजार पावलांचा हट्ट सोडा. कचराळी तलावाच्या तुमच्या मंडळात सगळे तोच आकडा सांगतात, पण तो कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, 'मान्पोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. ते नाव जगभर पसरलं. 2019 मध्ये सरासरी 72 वर्षांच्या बायकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की रोज 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढत नव्हता. गुडघा दुखत असताना आकडा पुरा करायला तलावाला आणखी दोन फेऱ्या मारू नका. तीन मजले चढून घरी यायचं असतं, ती ताकद राखून ठेवा.

पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ घ्या, असं दादाचं म्हणणं होतं. पण अशा बहुतेक घड्याळांना जवळ फोन लागतो, आणि तुम्ही फिरायला जाताना फोन घरी ठेवता. त्यापेक्षा मी त्या पैशांत न्हाणीघरात दोन पकडदांड्या आणि जाड रबरी पायपुसणं बसवून घेणार आहे. खिशात आमचे दोघांचे नंबर आणि औषधांची नावं लिहिलेला कागद ठेवा. रुग्णवाहिकेचा नंबर 108, तो फ्रिजवर लावून ठेवलाय.

मागे तुम्ही विचारलंत, "मी काय कैदी आहे का, पट्टा बांधायला?" तो प्रश्न मला लागला, कारण तुमचं खरं होतं. माझ्या मनात रोज सकाळी ऑफिसला जाताना लोकलमध्ये तुमचे आकडे बघायचं होतं. आता ते मी करणार नाही. ॲप तुमच्याच फोनमध्ये राहील, माझ्या फोनला जोडलेलं नसेल. दाखवावंसं वाटलं तर दाखवा.

पण बाबा, ज्यासाठी हे सगळं सुरू झालं ते बँडने सुटणार नाही. श्वास थांबण्याचा अंदाज देणारी घड्याळंही निघाली आहेत. ॲपल आणि सॅमसंग या दोघांनाही 2024 मध्ये अमेरिकेत त्यासाठी परवानगी मिळाली. तरी निदान त्यांतलं कुठलंच घड्याळ करत नाही. घड्याळाने सूचना दिली तरी पुढे डॉक्टरकडेच जायचं. मी ते कानांनी ऐकलंय, आई रोज ऐकते, मग आपण घड्याळाची वाट कशाला बघायची?

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, मेंदू दचकून जागं करतो आणि पुन्हा तेच. तासाला किती वेळा होतं ते मोजतात: पाचपर्यंत ठीक, पंधराच्या वर मध्यम, तिसाच्या वर गंभीर. त्याची लक्षणं वाचताना मला तुम्हीच दिसत होता. सकाळी डोकं जड, पेपर वाचता वाचता डुलकी, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं. तुम्ही ते वयावर ढकलता, पण श्वास अडण्याने छातीत जो दाब तयार होतो त्यामुळे हृदय लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं, म्हणून असं होऊ शकतं. आणि तीन-तीन गोळ्या घेऊनही तुमचं बीपी खाली येत नाही, त्याचंही हे एक कारण असू शकतं. उपचार न झालेल्या ॲप्नियात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. कदाचित तुम्हाला हे नसेलही. पण तपासल्याशिवाय मला राहवणार नाही.

तपासणी घरीही होते. नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, आणि एक रात्र आपल्याच गादीवर झोपायचं. ॲप्निया निघालाच तर रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र मिळतं, त्याने वाट उघडी राहते. ते लावून झोपायची सवय व्हायला वेळ लागतो, हेही आत्ताच सांगून ठेवते. तोपर्यंत पाठीवर न झोपता कुशीवर झोपा. आणि झोपेची गोळी मनाने घेऊ नका, तिने श्वास आणखी मंदावू शकतो.

गुरुवारची छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, अकराची. मी रजा टाकली आहे. नेरूळहून सकाळची ठाणे लोकल पकडून साडेआठपर्यंत घरी येते.

आई, तोवर एक काम कर. बाबा झोपले की तुझा फोन उशाशी ठेवून दोन रात्री अर्धा-अर्धा तास आवाज रेकॉर्ड कर. डॉक्टरांना तो ऐकवायचा आहे. माइकचं लाल बटण मी स्क्रीनवर पहिल्याच ओळीत आणून ठेवलंय. आणि औषधांची सगळी पाकिटं एका पिशवीत भरून ठेव, रिकामी झालेलीसुद्धा.

गुरुवारी उपास नाही ना तुझा? असला तर माझ्यासाठी काही करू नकोस, येताना राम मारुती रोडवरून काहीतरी घेऊन येईन.

तुमची,
मनू