आश्रयानंतरचे गाव कोण ठरवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातील निर्वासितांविषयी आपल्याकडे जे छापून येते ते बहुधा सीमेवरच थांबते: किती आले, किती परत पाठवले, कोणत्या पक्षाची मते वाढली. आश्रय मिळालेल्यांना पुढे कोणत्या गावी पाठवतात आणि तिथे त्यांचे काय होते, यावर तिकडे बरेच भक्कम संशोधन झाले आहे. त्याची दखल घ्यावी, यासाठी हे पत्र.

स्वीडनने 1985 पासून निर्वासितांना मोठ्या शहरांत एकवटू न देता देशभर विखरून वसवले. जिथे घरे मोकळी होती तिथे त्यांची सोय झाली. पण घरे अनेकदा तिथला रोजगार आटल्यामुळेच मोकळी पडलेली असत. पेर-आंदेर्स एदिन, पीटर फ्रेड्रिक्सन आणि ऊलोफ ओस्लुंड या अर्थशास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या, तेव्हा या धोरणामुळे निर्वासितांची मिळकत दीर्घकाळ घटल्याचे आढळले. एका ठिकाणी एकाच देशाचे लोक जमले की ते मागे पडतात, हा समजही त्यांच्या 2003 च्या अभ्यासाने डळमळीत केला: आपल्या देशबांधवांच्या वस्तीत कमी शिकलेल्यांची कमाई वाढली होती आणि ते देशबांधव स्वतः चांगले कमावते असतील तर लाभ आणखी मोठा होता. असे निष्कर्ष काढता आले ते निर्वासितांना गाव निवडण्याची मुभा नव्हती म्हणूनच, हेही नमूद करायला हवे; मुभा असती तर कमाईतला फरक गावामुळे पडला की ते गाव निवडणाऱ्या माणसांमुळे, हे सांगणे कठीण झाले असते.

स्वित्झर्लंडमध्ये आश्रयार्थींची वाटणी 26 कँटनांत (म्हणजे तिथल्या राज्यांत) लोकसंख्येच्या प्रमाणात होते. फ्रेंच बोलणारा आफ्रिकी माणूस झुरिचला गेला तर त्याला कामाच्या जाहिराती वाचण्याआधी जर्मन शिकावी लागते. जिनिव्हात तो पहिल्या आठवड्यातच काम विचारत फिरू शकतो. व्यक्ती आणि कँटन यांची सांगड संगणकीय पद्धतीने घातली, तर तिसऱ्या वर्षी रोजगारात असलेल्यांचे प्रमाण 15 टक्क्यांवरून सुमारे 26 टक्क्यांवर जाऊ शकेल, असा अंदाज 2018 च्या एका अभ्यासात मांडला आहे. त्याआधी 2016 मध्ये तिथल्याच आकडेवारीवरून दिसले होते की, आश्रयाच्या निर्णयासाठी एक वर्ष जास्त ताटकळावे लागले तर पुढील रोजगाराचे प्रमाण चार ते पाच टक्के-बिंदूंनी खाली येते.

जर्मनीतील वाटपाचे सूत्र मात्र राज्याचे करउत्पन्न दोन तृतीयांश आणि लोकसंख्या एक तृतीयांश एवढेच मोजते. येणारा सुतार आहे की परिचारिका, याला त्या सूत्रात जागा नाही. संगणकीय पद्धतीवरही माझा एक आक्षेप आहे: ती नोकरी मोजते, पण माणसाची स्वतःची पसंती विचारात घेतेच असे नाही.

मार्च 2022 मध्ये युरोपीय संघाने युक्रेनच्या विस्थापितांना आश्रयाचा देश निवडण्याची मोकळीक दिली. सीरिया किंवा अफगाणिस्तानातून आलेल्यांना ती का मिळू नये, याचा खुलासा तेथील सरकारांनी करायला हवा.

आपला,
एक वाचक