आग लावून रान राखताना

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

हातात करवत आणि मागे पेटलेला ढीग, हा माझा फोटो पाहिल्यापासून बाबा गप्प आहेत, असं आई म्हणाली. फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, मी जाते ते सोम वुड्स म्हणजे शिकागोच्या उत्तरेकडचं ओक-हिकरीचं रान. तुम्ही नैनितालला पाहिलेला बांज हाही ओकच, आणि हिकरी अक्रोडाच्या भावकीतली. गोरे लोक इथे वसायच्या आधी या भागात जेवढं ओकचं रान होतं, त्यातलं जेमतेम १७ टक्के आता उरलंय. बाकीचं शेतांनी आणि शहरांनी खाल्लं. उरलंय त्याचंही मला वाईट वाटतं, कारण कितीतरी ठिकाणी जुने ओक उभे आहेत आणि त्यांच्याखाली ओकचं एक रोप दिसत नाही.

रोपाला ऊन हवं. कुंपणासाठी युरोपातून आणलेलं बकथॉर्नचं झुडूप रानभर माजलंय. त्याला पानं लवकर फुटतात, गळतात उशिरा, त्यामुळे खाली सगळा अंधार. आम्ही तोडतो ते हेच. नुसतं तोडलं तर बुडख्यातून दुपटीनं फुटतं, म्हणून कापल्या जागी लगेच औषध लावायचं आणि फांद्या थंडीत जाळायच्या.

तुम्ही हिरव्या फांद्या घेऊन वणवा विझवायला डोंगरावर धावायचात, ते मी कशी विसरेन? आपल्याकडे तेच बरोबर. इथलं रान मात्र आगीच्या सोबतीनं वाढलेलं. इथले मूळ रहिवासी पोटावाटोमी लोक मुद्दाम, हंगाम बघून गवत-पाचोळा पेटवत. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८३३ च्या तहानंतर त्यांना इथून घालवलं आणि ती आगही थांबली. जाड सालीचा ओक जमिनीलगतच्या आगीत तगतो, त्याचं रोप वरून जळलं तरी मुळातून पुन्हा फुटतं. ओकचं ऊन अडवणारं, पातळ सालीचं कोवळं मेपलचं झाड मात्र मरतं. म्हणून आता शिकलेली माणसं वारा आणि हवेतला दमटपणा मोजून रानात आग सोडतात. मी फक्त ढिगांपाशी असते, तेव्हा काळजी नको.

आई, मे महिन्यात या. ओकची पानं तेव्हा नुकती फुटत असतात, खाली ऊन पोचतं आणि मोकळ्या केलेल्या जागी ट्रिलियमची पांढरी फुलं येतात. जमीन सपाट आहे, तुझ्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. व्हिसाचे कागद मी याच आठवड्यात पाठवते.

तुमची,
माऊ