तक्रारींचे तीन गठ्ठे: ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

नव्याने आलेल्या स्थलांतरितांची कागदपत्रं, पगाराचे तंटे आणि दवाखान्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. जाहीर लिहितो आहोत, कारण तुम्ही दिलेली पद्धत आमच्यापुरती राहू नये.

'बाहेरच्यांचे लोंढे येताहेत' म्हणून भरलेल्या सभेत आमच्यासारखी माणसं आकडे घेऊन जातात. तुम्ही ते आधी पिशवीत ठेवायला लावलेत. पहिला अर्धा तास फक्त लिहून घ्यायचं. एका कार्डावर एकच तक्रार: काय झालं, कुठे, कधी, आणि स्वतः पाहिलं की ऐकलं. मग त्याच लोकांसमोर तीन गठ्ठे करायचे. तक्रार खरी आणि कारण स्थलांतर, हा पहिला. तक्रार खरी पण कारण वेगळं, हा दुसरा. तिसरा ऐकीव गोष्टींचा. ज्याचं म्हणणं लिहिलं गेलं तो पुढचं ऐकायला तयार असतो. आधी आकडे फेकले, तर त्याला वाटतं की आपल्याला खोटं पाडायलाच हे आले आहेत.

तिसऱ्या गठ्ठ्यात फार वेळ घालवू नका, हेही तुमचंच. अफवा खोडताना आपणच ती चारदा उच्चारतो आणि घरी जाताना लोकांच्या डोक्यात तीच उरते. आधी खरी गोष्ट, मग अफवा एकदाच, लगेच पुन्हा खरी गोष्ट. तेवढं पुरे.

खरा ऐवज दुसऱ्या गठ्ठ्यात असतो. 'यांच्यामुळे दवाखान्यात तासन् तास लागतात' हे कार्ड घ्या. तक्रार खरी आहे. दुभाष्यामार्फत झालेल्या तपासणीला जास्त वेळ लागतो आणि वेळापत्रकात तो धरलेला नसतो, म्हणून मागचे सगळे रुग्ण खोळंबतात. उपाय साधा: नाव नोंदवतानाच भाषा विचारायची आणि दुप्पट वेळ राखायची. दुभाष्याने रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे बसायचं, डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहून बोलायचं, दोन वाक्यांवर थांबायचं आणि शेवटी औषध कसं घ्यायचं ते रुग्णाकडूनच वदवून घ्यायचं. घरच्या मुलाला दुभाषी करायचं नाही. वाईट बातमी मूल गाळतं, आणि आई त्याच्यासमोर दुखणं सांगत नाही. मग चुकीचं औषध, पुन्हा फेरी आणि रांग आणखी लांब.

भाड्याचं आणि मजुरीचं कार्डही बहुधा इथेच येतं. एका खोलीत आठ खाटा टाकून प्रत्येक खाटेचं वेगळं भाडं घेणारा घरमालक आणि किमान वेतनाखाली राबवून पासपोर्ट दाबून ठेवणारा ठेकेदार, या दोघांचं नाव सभेत सहसा कुणी घेत नाही. कामाचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असला, की मजूर तक्रार करत नाही आणि ठेकेदार त्याच दरात शेजारच्या स्थानिकालाही वाकवतो. म्हणून मजुराने वही ठेवायची: तारीख, काम सुरू झाल्याची आणि सुटल्याची वेळ, जागा, मुकादमाचं नाव, हातात पडलेली रक्कम. रोजच्या रोज, शाईने. महिन्याअखेरी आठवून लिहिलेली वही सुनावणीत टिकत नाही. आणि अर्ज स्थानिक व नव्या कामगाराने मिळून करायचा. वेगवेगळे गेले, तर ठेकेदार एकाला दुसऱ्याची भीती दाखवतो.

पहिल्या गठ्ठ्यापासून मात्र तुम्ही आम्हाला पळू दिलं नाहीत. याबद्दल सर्वांत जास्त आभार. स्थलांतराने सगळ्यांचं भलंच होतं, असं म्हणणं सोपं असतं. नव्या माणसाचा कर बराचसा देशाच्या तिजोरीत जातो. त्याच्या मुलांची शाळा आणि त्याचं पाणी यांचा भार गावावर पडतो. देशाचा हिशेब नफ्यात आणि वर्ग मात्र खचाखच, हे एकाच वेळी खरं असू शकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या 2016 च्या अहवालातही हीच गाठ दिसते: पहिल्या पिढीचा खर्च राज्यांवर आणि गावांवर येतो, आणि त्यांची तिथेच वाढलेली मुलं करभरण्यात सर्वांत पुढे असलेल्या गटांत मोडतात. अशा कार्डाला उत्तर एकच, पैसा गावाकडे वळवण्याची मागणी. त्यात स्थानिक आणि नवे एका बाजूला उभे राहू शकतात.

मजुरीबद्दल तुम्ही दोन्ही बाजू सांगायला लावल्यात. 1980 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबातल्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं अमेरिकेत उतरली. मायामीतला कामगारवर्ग एकदम 7 टक्क्यांच्या आसपास वाढला. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये याचा हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या कमी शिकलेल्या कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. पुढे दुसरे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे वेगळे लावून शाळा अर्ध्यात सोडलेल्या पुरुषांची मजुरी घसरल्याचं मांडलं. त्यावर, हिशेबात धरलेली माणसं फारच थोडी, असा आक्षेप आला. (बोर्हास स्वतः लहानपणी क्यूबातून आलेले. कोण कुठून आला यावरून त्याचं मत ओळखता येत नाही, ते असं.) झळ बसतेच तेव्हा ती बहुतेक वेळा थोडं आधी आलेल्या स्थलांतरितांना बसते, कारण काम, भाषा आणि वस्ती तीच असते. हे सभेत सांगितलं की चर्चेचा सूर बदलतो.

उलटा दाखलाही तुमचाच. मेक्सिकोतून अमेरिकेत शेतमजूर आणणारी ब्रासेरो योजना 1942 मध्ये सुरू झाली आणि 1964 च्या अखेरीस बंद केली गेली, ती स्थानिकांची मजुरी वाढेल या आशेने. नंतरच्या अभ्यासात तशी वाढ सापडली नाही. कॅलिफोर्नियात टोमॅटो काढायला यंत्रं आली आणि जिथे यंत्र चालत नव्हतं अशी काही पिकं शेतकऱ्यांनी कमी केली. कामाचा साठा ठरलेला नसतो. येणारा माणूस काम घेतो तसा जेवतो, भाडं देतो, केसही कापून घेतो.

एका बाबतीत तुम्ही आम्हाला चांगलंच खडसावलंत, आणि ते पटलं. स्थलांतरितांची बाजू मांडताना आम्ही नोबेल विजेत्यांची नावं काढायचो. कोविड लशीमागचं एमआरएनए संशोधन करणाऱ्या कातालिन कारिको 1985 मध्ये हंगेरीतून अमेरिकेत गेल्या, आणि 2023 चं नोबेल मिळेपर्यंतच्या काळात कितीतरी वर्षं त्यांच्या संशोधनाला अनुदानही धड मिळत नव्हतं. तुमचं म्हणणं असं, की हे उदाहरण द्या, पण त्यातून नेमकं काय निघतं ते सांगा: कोण पुढे काय करील हे दारावर कळत नाही. 'उपयोगी असतील तर येऊ द्या' असं त्यातून काढलंत, तर वॉर्ड पुसणारी बाई आणि आजारी म्हातारा दोघांनाही तुम्ही स्वतःच बाहेर काढलंत. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस दिले, तेव्हा ब्रिटनमधल्या लेस्टर शहराच्या परिषदेने युगांडातल्या वर्तमानपत्रात 'इकडे येऊ नका' अशी जाहिरात दिली होती. तरी माणसं आली, आणि त्यांनी उभारलेल्या उद्योगांचं पुढे त्याच शहराला कौतुक वाटू लागलं.

द्वेष पासपोर्ट तपासत नाही, हे दक्षिण आफ्रिकेतल्या मे 2008 च्या दंगलींवरून तुम्ही दाखवलंत. परदेशी म्हणून हेरून मारलेल्या आणि दंगलीत सापडलेल्या 62 मृतांपैकी 21 जण त्याच देशाचे नागरिक होते.

आता कागदपत्रांच्या क्रमाचा तुमचा तक्ता. परदेशी पदवी असलेली नर्स वर्षभर दुसरंच काम करते, याचं कारण बहुधा क्रम चुकणं हे असतं. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. फरक असेल तिथे आधी प्रतिज्ञापत्र. तारखेतला महिना अक्षरांत. मूळ कागदावर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार लावतं तो दाखला) आधी, भाषांतर नंतर, नाहीतर अपोस्टिलचा शिक्का भाषांतराबाहेर राहतो आणि पुन्हा पैसे जातात. अपोस्टिल मानणाऱ्या 1961 च्या हेग करारात नसलेल्या देशाच्या कागदांना नोटरी, परराष्ट्र खातं, वकिलात अशी लांबची वाट. गुणपत्रक विद्यापीठाकडून थेट, बंद लिफाफ्यात. नर्सिंग परिषदेचं सद्‍वर्तन प्रमाणपत्र सर्वांत शेवटी, कारण त्याची मुदत थोडी असते.

या तक्त्यात आम्ही एक भर घातली आहे: भाषांतरात कागदाची मागची बाजूही धरावी, कारण पुष्कळदा नोंदणीचा शिक्का तिथेच असतो. तुमची हरकत असेल तर पुढची प्रत छापायच्या आत कळवा.

आपले,
कागद, वही आणि कार्डं सांभाळणारे आम्ही सर्व